बँकॉकला इंग्रजी शिकवायला जाताय? आधी घरचे कागद पूर्ण करा

मार्च लागला की नाशिकहून कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. "ताई, तिकडे इंग्रजी शिकवायला माणसं घेतात म्हणे?"

घेतात. मीही तशीच आले. आठ वर्षं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवून झाल्यावर, नवऱ्याची बदली इकडे झाली तेव्हा. आता चौथं वर्ष चालू आहे. मुंबईहून विमानाने चार-साडेचार तास, घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे आईला रात्री फोन करायचीही अडचण नाही. राहायला बँकॉक सोपं आहे. आपल्यासाठी अवघड आहेत ते कागद, आणि त्यातले निम्म्याहून जास्त कागद इथे मिळत नाहीत, तिकडेच करून आणावे लागतात. म्हणून हा लेख कागदांबद्दल जरा जास्त बोलेल.

१. आपण कुठल्या रांगेत आहोत ते आधी कळू द्या

थायलंडमध्ये इंग्रजी शिक्षकांच्या दोन रांगा आहेत. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांचा पासपोर्ट असलेले 'नेटिव्ह', आणि बाकीचे 'नॉन-नेटिव्ह'. तुम्ही बालवाडीपासून इंग्रजीत शिकला असाल, घरी इंग्रजीत भांडत असाल, तरी भारतीय पासपोर्ट दुसऱ्या रांगेत जातो. याचे दोन परिणाम होतात.

पहिला, इंग्रजी येतं हे परीक्षा देऊन सिद्ध करावं लागतं. शाळा बहुधा टोइक मागतात, ९९० पैकी निदान ६००. तो निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळे फार आधी देऊन ठेवू नका. काही शाळांना आयईएल्ट्स चालतं, आणि ते पुण्या-मुंबईत सहज देता येतं. कुठलं हवं ते शाळेला विचारूनच पैसे भरा.

दुसरा परिणाम पगारावर. त्याच शाळेत, त्याच वर्गाला, तेवढेच तास शिकवणाऱ्या गोऱ्या माणसाला ३५-४० हजार बाट आणि आपल्याला २०-२५ हजार, अशा जाहिराती उघडपणे छापलेल्या दिसतात. (एक बाट म्हणजे साधारण पावणेतीन-तीन रुपये.) राग येतो, यायलाच हवा. पण इथे येऊन चिडून परत फिरण्यापेक्षा हा आकडा घरी बसून नीट बघून घ्या. बी.एड. असेल, किंवा गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवता येत असेल, तर मात्र बोलणी करायला जागा असते. खासगी शाळांच्या इंग्लिश प्रोग्रॅममध्ये भारतीय आणि फिलिपिनो शिक्षक भरपूर आहेत, आणि तिथे पगारही बरा मिळतो.

२. कधी निघायचं

इथलं शाळेचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं. पहिलं सत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुसरं नोव्हेंबर ते मार्च. भरती मुख्यतः मार्च-एप्रिलमध्ये, आणि थोडीफार ऑक्टोबरमध्ये होते. एप्रिलच्या मध्यात सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. त्या आठवड्यात कुठल्याही कचेरीत काम होईल अशी आशा धरू नका. उलट मोजलं तर मेमध्ये वर्गात उभं राहायचं असेल तर कागदांची सुरुवात डिसेंबरात करायला हवी.

३. कागद: इथेच खरी गोम आहे

लागणारी यादी अशी:

- पदवी प्रमाणपत्र, म्हणजे दीक्षान्त समारंभानंतर मिळतं ते. प्रोव्हिजनल चालत नाही
- सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट
- विद्यापीठाचं पडताळणी पत्र, की ही पदवी खरंच आम्ही दिली आहे
- पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र
- टोइक किंवा आयईएल्ट्सचा निकाल
- १२० तासांचं टीईएफएल किंवा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. कायद्याने पदवी महत्त्वाची, पण हे असलं की मुलाखत लवकर येते
- लग्न झालं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र
- आधीच्या शाळेचं अनुभवपत्र, लेटरहेडवर, तारखांसकट
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे, औपचारिक कपड्यांतले फोटो. वाटतात त्याच्या दुप्पट घ्या

आता नावाची गोष्ट. आपल्या जुन्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बऱ्याच ठिकाणी आईचंही. पासपोर्टवर वेगळाच क्रम. माझ्या पदवीवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, कारण लहानपणापासून आपण हेच बघतोय. थाई कारकुनाला मात्र समोर दोन वेगळ्या बायका दिसतात. माझे तीन आठवडे यात गेले. शेवटी विवाह प्रमाणपत्राचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र आणून दिलं, तेव्हा फाइल हलली. हे दोन्ही कागद निघण्यापूर्वीच करून ठेवा. पुरुषांनीही बघा: एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असेल तरी प्रश्न विचारतात.

पदवीच्या प्रमाणीकरणाची साखळी अशी: आधी राज्य सरकार (महाराष्ट्रातल्या पदव्यांसाठी मुंबईत मंत्रालयात), मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग थाई दूतावास. माझ्या वेळी थायलंडसाठी नुसतं अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा, अनेक देशांत तसाच चालणारा शिक्का) चालत नव्हतं, दूतावासाचा शिक्काही लागायचा. परराष्ट्र मंत्रालयाचं काम त्यांनी नेमलेल्या संस्थांमार्फत होतं, तुम्ही थेट खिडकीवर जाऊ शकत नाही. मात्र प्रत्येक शाळेला ही पूर्ण साखळी लागतेच असं नाही, काहींचं विद्यापीठाच्या पडताळणी पत्रावर भागतं. शाळेकडून लेखी उत्तर घ्या आणि मगच एजंटला मूळ पदवी द्या. देताना पोच घ्या. मूळ पदवी कुरिअरमध्ये हरवलेली बाई मला माहीत आहे.

पोलीस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज, फी ५०० रुपये. अर्जात देश म्हणून थायलंडच निवडा. ते सहा महिन्यांपेक्षा जुनं झालं की लोक नाक मुरडतात, म्हणून यादीतलं हे सगळ्यात शेवटी करा.

आणि पासपोर्टची शेवटची पानं उघडून बघा. नोकरीसाठी जाताना एमिग्रेशन तपासणी (ईसीआर) लागणाऱ्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत थायलंड आहे. दहावी पास माणसाला ही तपासणी लागत नाही, पण तुमचा पासपोर्ट जुना असून त्यावर ईसीआर लिहिलेलं राहिलं असेल, तर ते बदलून घेतल्याशिवाय नोकरीच्या व्हिसावर विमानतळाच्या काउंटरला जाऊ नका.

४. नोकरी: कराराची तीन वाक्यं आणि एक मोठा धोका

करारात तीन गोष्टी शोधा. पगार वर्षातले किती महिने मिळणार? एजन्सीमार्फतचे करार बरेचदा दहा किंवा अकरा महिन्यांचे असतात, मग एप्रिलमध्ये भाडं खिशातून. दुसरं, वर्क परमिट कोण काढणार आणि त्याची फी कोण भरणार. तिसरं, मध्येच सोडलं तर काय कापणार. मी पहिल्या करारात पहिली गोष्ट वाचली नव्हती. एजन्सीने मला एप्रिलमध्ये गोड हसून सांगितलं की "सुट्टी एन्जॉय करा."

करारावरची तारीख बघून दचकू नका. थाई कागदांवर बौद्ध संवत्सर असतं, इसवी सनात ५४३ मिळवायचे. २०२६ म्हणजे २५६९. शालिवाहन शक बघायची सवय असलेल्याला यात काय जड आहे! फक्त दुधाच्या पिशवीवरची तारीखही कधी कधी तशीच असते, तेवढं लक्षात ठेवा.

आता धोका. 'थायलंडमध्ये नोकरी, इंग्रजी येणारे हवेत, तिकीट आम्ही देतो' अशा जाहिरातींनी आलेल्या शेकडो भारतीय मुलांना बँकॉकहून माए सोतला नेऊन नदीपलीकडे म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं गेलं. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून जास्त जणांना भारत सरकारने वायुसेनेच्या विमानांनी माए सोतहून परत आणलं. खऱ्या शाळेला पत्ता असतो, नकाशावर इमारत असते, मुलाखतीत मुख्याध्यापक किंवा परदेशी शिक्षकांचा समन्वयक असतो, आणि ती तुमच्याकडून शिकवण्याचा नमुना तास मागते. टायपिंगचा वेग विचारणारी शाळा नसते. विमानतळावर न्यायला आलेली गाडी सहा-सात तास लांब जाणार आहे असं कळलं तर त्या गाडीत बसू नका.

५. व्हिसा आणि परवाना: क्रम चुकवू नका

क्रम असा: शाळेचं पत्र → नॉन-इमिग्रंट बी (नोकरीचा) व्हिसा → प्रवेश → वर्क परमिट → मुक्कामाची मुदतवाढ.

व्हिसाचा अर्ज आता थाई ई-व्हिसा संकेतस्थळावर करायचा. महाराष्ट्रातल्यांची फाइल मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडे जाते. पहिला व्हिसा ९० दिवसांच्या मुक्कामाचा असतो. थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करा.

"पर्यटक म्हणून या, व्हिसाचं नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर? हे अगदी नेहमीचं वाक्य आहे, बऱ्या शाळाही म्हणतात. त्याचा अर्थ असा की मधले काही आठवडे तुम्ही बेकायदा शिकवणार, मग व्हिसा करायला लाओसला जाणार. पकडलं तर शाळेला दंड होतो आणि तुम्हाला देश सोडावा लागतो. परवाना हातात येईपर्यंत वर्ग घेऊ नका. 'फक्त निरीक्षण' असं गोंडस नाव दिलं तरी नाही.

वर्क परमिटसाठी इथल्याच कुठल्याही दवाखान्यात आरोग्य प्रमाणपत्र मिळतं. त्यावर क्षय, कुष्ठरोग, हत्तीरोग, तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस, दारू आणि अमली पदार्थांचं व्यसन यापैकी काही नाही असं लिहून देतात. डॉक्टरांनी मला फक्त रक्तदाब विचारला. शिक्षक परिषदेची, म्हणजे खुरुसफाची, तात्पुरती परवानगी शाळेनेच काढायची असते. ती दोन वर्षांची असते. हे सगळं झालं की १,९०० बाट भरून मुक्काम वर्षापर्यंत वाढतो.

६. खोली

पहिला आठवडा साध्या गेस्टहाउसमध्ये काढा, फोटो बघून वर्षाचा करार करू नका. आधी शाळा कुठे ते बघा आणि मग त्याच रेल्वेमार्गावर खोली शोधा. सुखुमवितच्या मध्यभागी राहण्याचा मोह सगळ्यांना होतो. ओन नुत, उदोम सुक, बांग ना, लात फ्राओ किंवा रामखामहेंगच्या बाजूला पाच ते नऊ हजार बाटमध्ये पंखा-एसीची नीट खोली मिळते. वर्षाच्या करारावर बहुधा दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं, म्हणजे सुरुवातीलाच तिप्पट रक्कम तयार हवी.

घरमालकाला दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. एक, वीज सरकारी दराने की तुमच्या दराने? सरकारी दर युनिटला साधारण चार बाट असतो, इमारतवाले सात-आठ लावतात. एप्रिलमध्ये एसी लावून बघा, मग कळेल हा प्रश्न का. दुसरा, टीएम ३० भरणार का? परदेशी भाडेकरू आल्याची वर्दी मालकाने २४ तासांत इमिग्रेशनला द्यायची असते. त्याची पावती नसेल तर पुढे मुदतवाढीच्या वेळी तुम्हीच अडकता. मालक का-कू करत असेल तर दुसरी खोली बघा.

७. शाळेतले पहिले दिवस

सकाळी आठला राष्ट्रगीत आणि ध्वज. सगळे जागच्या जागी उभे. संध्याकाळी सहालाही स्टेशनवर तसंच. राजाबद्दल थट्टेत, फेसबुकवर, मित्राशी, कुठेही बोलू नका. त्यासाठी थाई दंडसंहितेचं कलम ११२ आहे आणि शिक्षा तीन ते पंधरा वर्षं. नोटेवर, नाण्यावर राजाचं चित्र असतं, म्हणून घरंगळलेलं नाणं पायाने थांबवू नका. मुलाच्या डोक्यावर कौतुकाने हात ठेवायची आपली सवय इथे सोडा. इथे डोकं पवित्र असतं.

वर्गात ४०-५० मुलं. ती तर आपल्याला सवयीचीच. टोपणनावं मात्र ऐकून घ्या: बँक, बॉल, आइस, बीअर. हजेरी घेताना हसू आलं तरी दाबायचं. नापास करता येत नाही असं समजा. शून्य दिलं की पुन्हा परीक्षा तुम्हालाच घ्यावी लागते, ती पास होईपर्यंत.

आपला एक फायदा कुणी सांगत नाही. मराठीत 'ए', 'ॲन', 'दी' नाहीत, थाईतही नाहीत. त्यामुळे मूल कुठे अडेल हे आपल्याला आतून कळतं. मिशिगनहून आलेल्या शिक्षकाला ते पुस्तकातून शिकावं लागतं. शब्दाच्या शेवटची व्यंजनं गिळायची थाई मुलांना सवय आहे, तिथे रोज पाच मिनिटं द्या. आपणही जरा हळू बोलायचं, आणि 'डू द नीडफुल', 'पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' घरी ठेवायचं. पालकांना आपला उच्चार नको असतो अशी कुजबूज ऐकू येईल. मुलं दोन आठवड्यांत विसरतात. पालकांना सत्र लागतं.

भाषेला घाबरू नका. लिपी वेगळी दिसते, पण वर्णमाला क-ख-ग च्याच क्रमाने जाते. शिक्षक म्हणजे 'ख्रू', तो आपला गुरू. कॉलेजात 'आचान', आचार्य. प्राथमिक वर्ग 'प्रथोम', माध्यमिक 'मथयोम', भाषा 'फासा'. मुलं बाहेर जाताना 'खो अनुयात' म्हणतात. त्यात अनुज्ञा दडलेली आहे हे कळायला मला वर्ष लागलं. जूनमध्ये एका गुरुवारी 'वाय ख्रू', म्हणजे गुरुवंदना, असतो. मुलं गुडघ्यांवर सरकत येऊन शिक्षकांना फुलं देतात. फुलांच्या ताटात इक्झोराचं फूल असतं, वांग्याचं फूल असतं आणि चक्क दूर्वा असतात. माझ्या पहिल्या वाय ख्रूला मी रडले, आणि शेजारची थाई बाई मला टिश्यू देत राहिली.

८. जेवण आणि ये-जा

शाकाहारींनी दोन शब्द पाठ करावेत. 'मांग्सविरात', म्हणजे मांसविरती, आणि 'जे', म्हणजे मांस-मासे-अंडं-लसूण सगळंच वर्ज्य. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते जे खाण्याचं दुकान. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर माशाचं पाणी येतंच, म्हणून 'माय साय नाम प्ला' जोडा. कोकणातल्यांची मात्र चैन आहे: 'प्ला थू' आपल्या बांगड्याचा सख्खा भाऊ, आणि 'कापी', म्हणजे कोळंबीची पेस्ट, उघडून वास घेतला की सुकवलेला जवळा आठवतो. तूरडाळ, पोहे, हिंग, बेसन हवं तर फाहुरात. तिथल्या गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत सगळं मिळतं. ज्वारीचं पीठ दर वेळी नसतं, तेवढं घरून आणा.

बीटीएस, म्हणजे पुलावरून धावणारी रेल्वे, तिच्यासाठी रॅबिट कार्ड काढा. एमआरटी, म्हणजे मेट्रोत, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. नारिंगी जाकिटातले मोटरसायकलवाले गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत सोडतात. सेन सेप कालव्यातली बोट स्वस्त आणि जलद, फक्त पाणी उडतं तेव्हा बाजूची ताडपत्री वर ओढायची. ऑफिसच्या वेळेला ती पकडणं म्हणजे दादरला फास्ट लोकल पकडणं.

९. पैसे

पहिला पगार हाती येईपर्यंत निदान ६०,००० बाट जवळ असू द्या. बँकेत खातं उघडायला बहुतेक शाखा वर्क परमिट मागतात, काही शाखा शाळेच्या पत्रावर उघडतात. एकीने नाही म्हटलं तर चार चौक सोडून त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत जा. गंमत नाही, असंच चालतं. खातं झालं की क्यूआरवर सगळं भागतं, भाजीवालीपर्यंत.

भारतातलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवू नका. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यायचं असतं, आणि इथली कमाई पाठवायला एनआरई उघडायचं. बँकेच्या शाखेत निघण्यापूर्वीच फॉर्म घेऊन ठेवा, इथून तेच काम करताना ओटीपीने मला सळो की पळो केलं.

१०. भिंतीवर लावायच्या तारखा

दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद, टीएम ४७. मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत करता येते, फुकट. चुकली तर २,००० बाट. मुक्काम संपल्यावर राहिलात तर रोजचे ५०० बाट, कमाल २०,०००, आणि पासपोर्टवर नोंद.

दिवाळीला घरी जाताना री-एन्ट्री परमिट घ्यायला विसरू नका. एकदाचं १,००० बाट, अनेकदांचं ३,८००. ते न घेता विमानात बसलात तर वर्षाची मुदतवाढ त्याच क्षणी रद्द होते आणि सगळी साखळी पहिल्यापासून. सुवर्णभूमी विमानतळावरही ते काढता येतं, पण रांग किती असेल याचा नेम नाही, म्हणून दोन तास हाताशी ठेवा.

शाळा बदलताना जुन्या शाळेची शेवटची तारीख आणि नव्या शाळेची कागदपत्रं यांची सांगड आधी घाला. नोकरी संपते त्याच दिवशी तिच्यावरचा मुक्कामही संपतो. जुन्या शाळेकडून सोडल्याचं पत्र आणि अनुभवपत्र त्याच दिवशी सही-शिक्क्यानिशी हातात घ्या. सुट्टी लागली की कचेरीत फक्त वॉचमन असतो.